यादीत नसलेला सिग्नल

"तुमच्या गावात बघण्यासारखं आहे काय?" असं कुणी विचारलं की बत्तीकाका त्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्यायचे. कारण उत्तर उभ्यानं ऐकण्यासारखं नसायचं! पहिला तास पाण्याच्या खांबाचा, दुसरा गोल शेडचा, आणि सिग्नलचा विषय निघाला की समोरच्यानं घरी निरोप धाडून द्यावा, जेवायला वाट बघू नका म्हणून.

काकांनी रेल्वेत अडतीस वर्षं एकच काम केलं. बत्त्यांचं! संध्याकाळी रॉकेलचा डबा घेऊन निघायचं, शिडी चढून एकेका सिग्नलवर दिवा ठेवायचा, सकाळी तो उतरवायचा, काच पुसायची, वात कापायची. पुढं वीज आली, बत्त्या गेल्या, काकाही निवृत्त झाले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोलासुद्धा सगळं गाव बत्तीकाकू म्हणतं, आणि त्या माउलीनं आयुष्यात सिग्नलची एकही बत्ती हातात धरलेली नाही.

गाव तसं रेल्वेनंच वसवलेलं. वाफेच्या इंजिनांना बरोबर इथं आलं की तहान लागायची. म्हणून इथं पाणी आलं, पाण्यामागून इंजिनांची शेड आली, शेडमागून क्वार्टर्स आणि क्वार्टर्समागून दुकानं. एके काळी इथं थांबल्याशिवाय एकही गाडी पुढं जात नव्हती. आता दिवसातून एकच गाडी, दुपारी बाराची मेल, आणि तीही अशी सुसाट जाते की धूळ खाली बसेपर्यंत प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला आपण इथं कशाला आलो तेच आठवत नाही.

तर असे हे काका एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ठरलं! येत्या रविवारी सकाळी दहा वाजता. ऐतिहासिक स्थळदर्शन! चार ठिकाणं, दोन तास, आणि माहिती द्यायला खुद्द मी!"

"येत्या रविवारी आपला मुलगा न्यायला येतोय आपल्याला," काकू म्हणाल्या.

काकांचा कप पुन्हा वर गेला. तोंड लपवायला काहीतरी हवं होतं.

मुलगा शहरात नोकरीला होता. तिसऱ्या मजल्यावर घर, घराला लिफ्ट, नळाला गरम पाणी. आई-वडिलांसाठी त्यानं वेगळी खोली रिकामी करून तिला रंगही देऊन ठेवला होता. काकूंचे गुडघे बोलायला लागल्यापासून काकूंना ती लिफ्ट स्वप्नात दिसायची. आणि काकांना स्वप्नात दिसायचं की आपण शहरातल्या खिडकीत बसलोय आणि समोर नुसत्या भिंती, एकही रूळ नाही. घामाघूम होऊन उठायचे बिचारे!

"अगं, पण हे गाव सोडून जायचं? लोक लांबून बघायला येतील असं गाव आहे हे!"

"कोण येतंय? एक तरी आला का आजवर?"

"कुणी सांगितलंच नाही तर येणार कसे? आता मी सांगणार आहे ना!"

काकूंनी पदर खोचला. "मग ऐका. रविवारी बाहेरगावची दहा माणसं, मोजून दहा, येऊन बघून गेली आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाली की हे बघण्यासारखं आहे, तर मी शहराचं नाव काढणार नाही. पुन्हा कधीच नाही! पण दहा नाही झाली, तर सोमवारी सकाळी मुकाट्यानं बॅग उचलायची. कबूल?"

"दहा? अगं, शंभर येतील! रांगा लावाव्या लागतील!"

"कबूल आहे का ते बोला."

"कबूल!" काका छाती फुगवून म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

तसं त्यांचं काम दोन महिन्यांपासून गुपचूप चालूच होतं. गोल शेडमध्ये जाऊन ते ग्रीस भरत होते, पाण्याच्या खांबाचं गंजलेलं चाक रोज थोडं थोडं हलवत होते, बत्तीघरातल्या चौसष्ट बत्त्या एकेक करून घासत होते. उरला होता सिग्नल. गावाबाहेर, वळण संपतं तिथं, रुळांच्या कडेला हा जुना सिग्नल उभा होता. उंच लोखंडी खांब, वर आडवा लाल हात, हातावर पांढरा पट्टा. तेरा वर्षांपूर्वी तो बंद झाला, त्याच्या पुढं दिव्यांचा नवा सिग्नल आला आणि जुना तसाच राहिला. पाडायचा हुकूम कधी आलाच नाही.

आता रेल्वेचा एक रिवाज आहे. बंद पडलेला सिग्नल उभा राहिला तर त्याच्या हातावर दोन लाकडी पट्ट्या आडव्यातिडव्या ठोकतात. फुली! ती बघून ड्रायव्हरला कळतं की हा सिग्नल मेलेला आहे, याच्याकडे लक्ष देऊ नका. काकांना ती फुली डोळ्यासमोर नकोशी व्हायची. पोराच्या चुकलेल्या गणितावर मास्तरांनी मारावी तशी ती त्यांच्या सिग्नलवर मारलेली होती. शनिवारी दुपारची मेल गेल्यावर काका वर चढले, खिळे उपटले, फुली खाली घेतली आणि हाताला झकास लाल रंग दिला. पांढरा पट्टा तर असा मारला की लांबून डोळे दिपावेत! रंग वाळला की फुली परत ठोकायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

रविवार उजाडला. पांढरा शर्ट, जुनी रेल्वेची टोपी, काखेत हिरवं आणि लाल निशाण, अशा थाटात काका साडेनऊलाच स्टेशनच्या दारात उभे! बाजूला काकू. माणसं मोजायला आल्या होत्या.

दहा वाजले. कुणी नाही.

साडेदहाला शिंपी आला. काकांचा चेहरा उजळला. शिंपी म्हणाला, "काका, तुमची पँट कधीची तयार आहे, घेऊन जा," आणि गेला.

"तो गावातलाच आहे," काकू म्हणाल्या. "धरायचा नाही."

अकरा वाजले. पावणेबारा झाले. शर्टात मावेनासं झालेलं काकांचं फुगलेलं अंग हळूहळू मावायला लागलं. काकूंना ते बघवेना. "चला," त्या म्हणाल्या. "मलाच दाखवा. पंचेचाळीस वर्षं ऐकतेच आहे, एकदा बघते तरी."

काकांनी कुलूप काढलं आणि बत्तीघराचं दार उघडलं.

काकू उंबऱ्यातच थांबल्या. लांबट खोली, दोन्ही बाजूंना फळ्या, आणि फळ्यांवर ओळीनं चौसष्ट बत्त्या. पितळ असं घासलेलं की प्रत्येक बत्तीत एकेक छोटी काकू दिसत होती! प्रत्येक बत्तीखाली काकांच्या अक्षरात चिठ्ठी: कुठल्या सिग्नलची, कुठल्या साली आली, कधी पडली, कधी दुरुस्त झाली.

"अगं बाई! एवढ्या? रोज?" काकूंचा आवाज एकदम खाली आला.

"रोज. पावसातही, वादळातही. एक विझली तर गाडी थांबते."

नवरा रोज संध्याकाळी कुठं जातो आणि अंगाला रॉकेलचा वास घेऊन का येतो, ते त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चौसष्ट बत्त्यांच्या मधोमध उभं राहणं वेगळं. त्या एकेक चिठ्ठी वाचत पुढं सरकल्या आणि शेवटच्या फळीपाशी आल्या.

"आणि हे काय? ह्या लाकडी पट्ट्या? रंग तर नवाकोरा दिसतोय."

"ती फुली!" काका उत्साहानं म्हणाले. "सागवानी आहे, तेरा वर्षं उन्हापावसात टिकली! काल जुना रंग खरवडताना वाटलं, ही पण ऐतिहासिकच की! म्हणून रंगवली आणि इथं मांडली. बंद सिग्नलवर ही लावायची असते, म्हणजे ड्रायव्हर थांबत नाही."

"असं होय. मग आता त्या सिग्नलवर काय आहे?"

काकांनी फुलीकडे पाहिलं, मग दाराकडे.

आणि लांबून, वळणाच्या पलीकडून, शिट्टी ऐकू आली. नेहमीची छोटी शिट्टी नाही. लांबलचक, प्रश्न विचारल्यासारखी. मग ब्रेकचा आवाज. आणि मग काहीच नाही!

"अहो," काकू म्हणाल्या, "मेल आज अजून गेली कशी नाही?"

काका पळाले! एकाहत्तर वर्षांचा माणूस, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात निशाणं, रुळांच्या कडेकडेनं असा पळत होता की मागून येणाऱ्या काकू गुडघे विसरल्या. वळणावर येऊन काका थबकले.

समोर मेल उभी होती. अठरा डब्यांची! कित्येक वर्षांत जिनं या गावाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ती मेल, काकांच्या लाल हातासमोर शहाण्या मुलासारखी उभी होती. इंजिन गुरगुरत होतं, खिडक्याखिडक्यांतून माणसं डोकावत होती आणि वर उन्हात तो हात झळकत होता. आपण मेलो आता, हे काकांना कळत होतं. पण डोळ्यांत पाणी आलं ते भीतीनं नव्हे. "बघ," ते धापा टाकत काकूंना म्हणाले, "बघ कशी थांबवलीय!"

इंजिनाखाली मात्र जुंपली होती. नवीन स्टेशनमास्तर म्हणजे तिशीतली एक कडक बाई. गाव त्यांना मास्तरबाई म्हणायचं. नियमाचं पुस्तक काखेत धरून त्या ड्रायव्हरला सांगत होत्या, "गाडी काढा! पुढचा दिवा हिरवा आहे!"

"दिवा हिरवा आहे आणि हात लाल आहे," ड्रायव्हर वरून म्हणाला. "दोन सिग्नलांत मतभेद असतील तर थांबायचं. मला असंच शिकवलंय."

"पण हा सिग्नलच नाहीये!"

"मग हे काय आहे? झाड आहे?"

"माझ्या यादीत हा सिग्नल नाही!"

"माझ्या डोळ्यांना तुमची यादी दिसत नाही, मॅडम. मला हात दिसतोय. तुम्ही लेखी द्या, मी जातो."

मास्तरबाईंनी फॉर्म काढला, पेन काढलं आणि लिहिता लिहिता थांबल्या. "सिग्नल क्रमांक लिहायचाय. ह्याला क्रमांकच नाही. नसलेला सिग्नल ओलांडायची परवानगी मी देऊ कशी?"

"मॅडम, मी वर चढून हात खाली करतो," काका पुढं होऊन म्हणाले. "दोन मिनिटांचं काम!"

"तुम्ही निवृत्त आहात. रेल्वेच्या सिग्नलला हात लावलात तर गुन्हा होईल!"

"अहो, काल रंग दिला तेव्हा लावला की हात!"

ड्रायव्हर, गार्ड आणि मास्तरबाई तिघांनी एकदम काकांकडे पाहिलं. काकूंनी कपाळावर हात मारला.

"तो पण गुन्हा आहे," मास्तरबाई म्हणाल्या, आणि मुख्य कचेरीला फोन लावायला स्टेशनकडे धावल्या. रविवार होता. मुख्य कचेरीत फोन उचलणारा माणूस होता, पण हुकूम देणारा साहेब कुठं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

अर्धा तास झाला. ऊन तापलं. डब्यांतून माणसं खाली उतरायला लागली. "काय झालं हो?" "सिग्नल नाही मिळाला." "पाणी आहे का कुठं?"

पाणी! हा शब्द काकांच्या कानावर पडला आणि अडतीस वर्षांची नोकरी अंगात संचारली. "आहे ना! या माझ्यामागून!" टोपीवाला, निशाणवाला माणूस बोलावतोय म्हटल्यावर लोक निघाले की! पन्नास, शंभर, दोनशे! रुळांच्या कडेनं ही वरात पाण्याच्या खांबापाशी आली. दोन पुरुष उंच तो खांब, वर आडवा नळ आणि त्याला लोंबणारी कॅनव्हासची सोंड. काकांनी चाकाला दोन्ही हात घातले. चाक कुरकुरलं, खांबाच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, सगळे दोन पावलं मागं सरले, आणि सोंडेतून पाण्याचा असा लोंढा आला की पुढच्या रांगेची आंघोळच झाली!

मुलं नाचली, बायका हसल्या, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाटली भरता भरता विचारलं, "कधीचा आहे हो हा?"

काकांना खुर्ची द्यायचं सुचलं, पण जवळपास खुर्ची नव्हती. "माझ्या आजोबांच्या जन्माआधीचा!" ते म्हणाले. "एक इंजिन सात मिनिटांत भरायचं. आणि तुम्हाला इंजिन बघायचंय का? खरंखुरं? वाफेचं?"

नाही कोण म्हणणार? आता तर गार्डही आला. थोड्या वेळानं ड्रायव्हरही आला. "गाडी कुठं पळून जातेय?" तो म्हणाला. "इंजिनापाशी माझा असिस्टंट बसलाय."

गोल शेडचं दार उघडलं आणि गर्दी आत शिरली, आणि शिरलेला प्रत्येक माणूस गप्प झाला. वर उंच गोल छत, छताच्या झरोक्यांतून खाली पडणारे उन्हाचे पट्टे, मध्ये गोल खड्डा, खड्ड्यावर लोखंडी पूल, आणि त्या पुलावर काळंभोर इंजिन. माणसाच्या उंचीची चाकं! ते इंजिन न्यायला कुणाला परवडलं नाही, म्हणून ते इथंच राहिलं होतं. लोकांनी माना वर केल्या त्या वरच राहिल्या. एक लहान मुलगी आईला हळूच विचारत होती, "हे झोपलंय का?"

"ही चक्री," काका म्हणाले, आणि आपला आवाज आपोआप कमी झालाय हे त्यांच्या लक्षात आलं. "इंजिनाचं तोंड फिरवायचं असेल तर इथं आणायचं. इंजिन बरोबर मधोमध तोललेलं असलं की दोन माणसं फिरवतात. नुसत्या हातानं."

"काहीतरीच!" कुणीतरी म्हणालं. "केवढं वजन असेल!"

"शंभर टन."

"दोन माणसं? शक्यच नाही!"

काकांनी इकडं तिकडं पाहिलं. पहिलवान दिसणारा कुणीही पुढं झाला असता. पण त्यांच्या तोंडून निघालं, "अगं, ये गं इकडं."

"मी?" काकू दचकल्या. "अहो, माझे गुडघे!"

"गुडघ्यांचं काम नाही. तू फक्त त्या दांड्याला हात लाव आणि पुढं चालायला लाग."

पुलाच्या एका टोकाच्या लांब दांड्याला काकूंनी हात लावले, दुसऱ्या टोकाला काका. काकूंनी डोळे मिटले, जोर लावला. काहीच नाही. पुन्हा जोर लावला. मग खालून, अगदी खोलातून एक हुंकार आला, आणि ते हललं! शंभर टन लोखंड, धुराडं, चाकं, सगळं, काकूंच्या बांगड्यांच्या किणकिणाटात फिरायला लागलं! उन्हाचे पट्टे इंजिनावरून सरकत गेले. चारशे माणसं श्वास रोखून बघत होती. काकूंनी डोळे उघडले आणि त्या थांबायचं विसरल्या. चालतच राहिल्या!

"आई!!"

हातात बॅग, केसांत धूळ, असा त्यांचा मुलगा गर्दीतून पुढं आला होता. तो त्याच मेलनं पुढच्या जंक्शनला उतरून बसनं मागं येणार होता. डब्यात सगळ्यांना तो सांगत आला होता की, एका उजाड गावातून आई-वडिलांना सोडवून न्यायला चाललोय. आणि इथं त्याची गुडघेदुखीवाली आई इंजिन ढकलत होती!

"तुमच्या मातोश्री?" बाटलीवाल्या म्हाताऱ्यांनी विचारलं. "नशीबवान आहात हो! काय गाव आहे तुमचं! मी देश पालथा घातलाय, पण असलं काही पाहिलं नाही."

मुलानं घसा साफ केला. "हो, म्हणजे, ते फिरवतायत ना, ते माझे वडील," तो म्हणाला, आणि हळूच बॅग खाली ठेवली.

मग तर काय, प्रत्येकाला इंजिन फिरवायचं होतं! ड्रायव्हर इंजिनावर चढून बसला आणि खाली उतरेना. "माझे वडील असल्याच इंजिनावर होते," तो प्रत्येकाला सांगत होता, आणि चक्रीबरोबर गोल गोल फिरत होता. तेवढ्यात मास्तरबाई कागद फडफडवत आल्या. "हुकूम आला! हुकूम आला! गाडी काढा!"

कुणी ऐकेल तर शपथ! गार्ड शिट्टी फुंकतोय, मास्तरबाई ओरडतायत, आणि लोक म्हणतायत, "मॅडम, एवढा आमचा नंबर होऊ द्या." शेवटी मास्तरबाईंनी स्वतःच दांड्याला हात घातला, ड्रायव्हरला उतरवायला चक्री थांबवायची म्हणून. पण एकदा हात घातल्यावर त्यांनीही एक पूर्ण चक्कर मारलीच! कुणाला सांगू नका म्हणाल्या.

मेल तीन तास वीस मिनिटं उशिरा गेली. प्रत्येक खिडकीतून हात हलत होते. काकांनी हिरवं निशाण दाखवलं, आणि शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर काकूंकडे वळून म्हणाले, "कितीपर्यंत मोजलीस?"

"चारशेपर्यंत. मग सोडून दिलं."

"आणि तोंडानं म्हणाले की नाही?"

"म्हणाले. पण अहो, खरं सांगा. ते बघायला आले होते का? तुम्ही त्यांची गाडी अडवून ठेवलीत! हे धरायचं का?"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं, तेच तर त्यांचं दुर्दैव. "नाही," ते बारीक आवाजात म्हणाले. "हे धरता येणार नाही. आपल्या पायानं एकही आला नाही. उद्या बॅगा उचलू."

मुलगा काहीतरी बोलायला गेला, पण तेवढ्यात स्टेशनच्या दारात जीप थांबली. चौकशी साहेब! जाड चष्मा, जाड फाईल. सिग्नल बघून आले होते. "फुली कुणी काढली?" त्यांनी खुर्चीत बसण्याआधीच विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"का?"

"साहेब, बंद असला म्हणून काय झालं, त्याच्यावर काट मारलेली बघवत नव्हती. पण चूक झाली. लहानसहान नाही, मोठी झाली. गाडी थांबवण्याचा मला काही अधिकार नव्हता. काय शिक्षा असेल ती द्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "रंग कुठला वापरलात? वळणावरून दिसतो."

"तीन हात दिलेत, साहेब."

"हं." साहेब लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले. "सविस्तर चौकशी करण्यात येईल. चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधित इसमानं हे गाव सोडून जाता कामा नये."

काकांनी मान वर केली. त्यांना नीट ऐकू आलं का, याचीच त्यांना शंका होती. "गाव सोडायचं नाही?"

"अजिबात नाही!"

"चौकशी किती दिवस चालते, साहेब?" मुलानं विचारलं.

"तसं सांगता येत नाही. मागं एक शेळी रुळावर आली होती, तिची चौकशी अकरा वर्षं चालू आहे. शेळी वारली. चौकशी चालू आहे."

काकांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते आरोपीच्या चेहऱ्यावर शोभण्यासारखं नव्हतं. पण लगेच ते विरलं. हुकूम एकट्या त्यांच्यासाठी होता. काकूंची बॅग तर दोन दिवसांपासून भरलेली होती, खोलीचा रंग वाळला होता, आणि लिफ्ट वाट बघत होती. "तू जा," काका काकूंना म्हणाले. "खरंच जा. तुझ्या गुडघ्यांना बरं पडेल. मी येईन मागून, सुटलो की."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, माझंही नाव लिहा."

"तुमचं? ते कशाला?"

"फुली काढली तेव्हा शिडी मी धरली होती."

"अगं, तू तर घरी झोपली होती—" काका बोलायला गेले, आणि काकूंनी त्यांच्या पायावर असा पाय दिला की पुढचे शब्द घशातच राहिले.

"दोन्ही हातांनी धरली होती," काकू म्हणाल्या. "आणि खिळे पण मीच झेलले. लिहा!"

साहेबांनी लिहिलं. दोघांच्या सह्या घेतल्या. काकूंनी सही करताना पेन जरा जोरातच दाबलं.

मुलगा फोन घेऊन बाहेर गेला. आतून काका-काकूंना त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "हॅलो... हो, पोचलो. ऐक, आई-बाबा येत नाहीत. नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. दोघंही आरोपी आहेत."